मोताळ्याकडचा हिरवा शर्ट

आमच्याकडे, गुहागरच्या बाजूला, माणूस गेला की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. काही चितेबरोबर जातात, काही कुणाला तरी देऊन टाकतात. माझ्या आजोबांचा एक कोट चुकून पेटीत राहिला होता, तर आई ती पेटी उघडताना आधी दाराबाहेर जाऊन थुंकून यायची. मी त्या घरात वाढले आणि आता पुण्यात संग्रहालयशास्त्र शिकते. ज्या सरांकडे मी उमेदवारी करते, त्यांचा संग्रह दुसऱ्या महायुद्धातल्या गणवेशांचा आहे. एकेक कोट, एकेक शर्ट लाकडी सांगाड्यावर चढवलेला. पहिल्या दिवशी मी त्या खोलीच्या दारातच उभी राहिले होते. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही सर, चपला काढतेय."

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे भीती वाटते असं सांगायची सोय नव्हती. बाबा चिऱ्याच्या खाणीवर कामाला आहेत. त्यांना वाटतं, मी जुने कपडे तपासते म्हणजे सरकारी तपासनीस वगैरे होणार.

या वर्षी सरांचा पाय मोडला आणि बुलढाणा जिल्ह्यात जायचं माझ्यावर आलं. मोताळ्याच्या पुढे एका गावात एक हिरवा लष्करी शर्ट होता. सरांना कुणीतरी कळवलं होतं की तो ब्रह्मदेशाच्या लढाईतला आहे. त्या जंगलात खाकी रंग लांबून दिसायचा, म्हणून सुरुवातीला खाकी शर्टच हिरव्या रंगात बुडवून सैनिकांना दिले. असे शर्ट फार थोडे उरलेत. पण हा शर्ट वर्षातून एकदाच पेटीबाहेर निघायचा, अक्षय तृतीयेला. तिकडे तिला आखाजी म्हणतात. म्हणून ऐन उन्हाळ्यात मी निघाले. सरांनी भिंग दिलं, बारीक कात्री दिली आणि जांभळा उजेड पाडणारा एक टॉर्च दिला. निघताना म्हणाले, "खरा असेल तर घेऊन ये. खोटा असेल तर तसं सांगून ये." त्यातलं दुसरं वाक्य मला वाटभर त्रास देत राहिलं.

खामगाव

खामगावला आधी उतरायचं होतं. कापसाच्या बाजारामागे सलीमभाईंचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्याकडे एक जाड लोकरी कोट होता, तोही सरांसाठी तपासायचा होता. दुकानात शिरेपर्यंत माझ्या ओठांची सालं निघाली होती. आमच्या उन्हाळ्यात घाम येतो. इथे घाम येत होता की नाही तेच कळत नव्हतं, ऊन तो आधीच पिऊन टाकत होतं.

"बस बेटा. चाय घेशील का थंडं?" सलीमभाई म्हणाले. "पुण्याहून एकटी आली? घरचे काही बोलले नाही?"

"त्यांना नीट माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग तं बरंच हाय."

चहा आणि कचोरी आली. मग त्यांनी दुकानाचा पडदा ओढला आणि मी कोटावर टॉर्च धरला. अंधारात कोट काळाच राहिला, पण त्याच्या शिवणी निळ्या-पांढऱ्या रेघांसारख्या लखलखल्या. मी हळू आवाजात सांगितलं की लढाईच्या काळातला सुती दोरा असा चमकत नाही. आजकालचा दोरा चमकतो. मला वाटलं, ते आता रागावतील.

ते पोट धरून हसले. "नाटकवाल्यानं गळ्यात मारला माह्या! मीबी म्हटलं, कर्नलचा कोट अन् एवढा सस्ता?"

मग त्यांनीच मला सांगितलं की लढाई संपल्यावर त्यांच्या वडिलांनी लष्करातून काढलेला माल ढिगाने विकला होता. त्या काळी जिनिंगमधले निम्मे मजूर लष्कराचे शर्ट घालून कामावर यायचे. मी विचारलं, "हिरवेसुद्धा?"

"मी कुठं होतो तवा? अब्बा सांगे, ढीग होता. रंग नाही सांगतला." त्यांनी पडदा उघडला. "मोताळ्याकडं जाऊन राह्यली ना? जपून राह्य. कपडा खोटा निघाला तं लोक हसतात. खरा निघाला तं भांडतात."

मोताळ्यावरून आत

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यावरून जाणारी बस धरली. वडनेर भोलजी मागे पडलं, मलकापूरला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामं काळं रान होतं. कपाशी उपटून झालेली, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले, आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. लाल मातीत वाढलेल्या माणसाला काळी माती परकी वाटते. माझ्या मनात सारखं येत होतं, की इथे काही चुकलं तर मी पळून कुठे जाऊ, एकही झाड नाही आडोशाला.

मोताळ्याहून आत जायला काळी-पिवळी जीप मिळाली. पुढच्या सीटवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, पांढरे कपडे, खांद्यावर गमछा. त्यांनी मागे वळून विचारलं, "कोणाकडं?"

"शांताबाईंकडे. त्यांच्या वडिलांचा शर्ट बघायला."

एक बाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

"पळपुट्याचा शर्ट," ते गृहस्थ म्हणाले. रागाने नाही, एखाद्याचं आडनाव सांगावं तसं. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्यांचं नाव भास्करराव. ग्रामपंचायतीसमोर गावातल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचा होता, त्या कमिटीचे ते प्रमुख. पहिलं नाव त्यांच्या आजोबांचं. शांताबाईंचं म्हणणं, माझ्या बापाचं नावही टाका. पण बापाचे कागद नाहीत, पदक नाही, पेन्शन कधी आली नाही. गाव म्हणायचं, तो भरती होऊन नागपूरकडून पळाला, वर्षभर कुठेतरी लपला, आणि येताना खामगावच्या बाजारातून शर्ट घेऊन आला.

"तुम्ही पाह्यता म्हनं मशीन लावून," भास्करराव म्हणाले. "पाहा ना. सोमवारी कारागीर येते. एकदा दगडावर गेलं का पुसता येत नाही, मॅडम. खोटं सांगसान तं गावाचा दगड खोटा होईन."

त्यांनी मला धमकी दिली नव्हती. पण मी त्यांच्याकडे न बघता घाईने उतरले. चमचाभर दुधाचं विरजण लागलं की नाही हे सांगायलाही आमच्या घरात आईला विचारतात. इथे दगडावर काय कोरायचं ते मला विचारत होते.

शांताबाईंचं घर टिनाचं, दोन खोल्यांचं. मुलगा सुरतेला कामाला. मी पोचले तेव्हा त्या अंगणात बसून धुणं धूत होत्या. साठी ओलांडलेली सडपातळ बाई, हात फेसात कोपरापर्यंत. जवळ गेले आणि थांबलेच. त्यांच्या हातात तो शर्ट होता.

"ये माय, ये. आज बाबाची आंघोळ हाय," त्या म्हणाल्या. "उद्या जेवाले बसतीन ना."

माझ्या सगळ्या शिक्षणात पहिला नियम हा की जुनं कापड धुवायचं नाही. आतला शाईचा शिक्का जातो, दोरा कुजतो. मी विचारलं, "दरवर्षी धुता?"

"मंग? दरवर्षी. माय होती तवा रिठ्यानं धुवे. आता पावडर हाय. चांगला फेस येते."

शर्ट त्यांनी पिळला नाही. तळहातावर घेऊन, लहान मुलाला धरतात तसा दोरीवर नेला. मला 'धुवू नका' म्हणायचं होतं. मी बादली उचलून बाजूला ठेवली. तो दोरीवर टांगलेला, रिकाम्या बाह्यांनी हलणारा शर्ट मला बघवतही नव्हता. आमच्या घरी असा शर्ट दिसला असता तर शेजारणी आल्या नसत्या.

संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्याकडं तिखट खात नाही काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, खातो, पण नारळात. "नारळ तं देवाले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या भाकरीवर वाटीभर तेल ओतलं.

आखाजी

सकाळी मातीच्या नव्या घागरीत पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे तिकडचं खरबूज ठेवलं. एरवी हे काम मुलाचं, पण शांताबाईंना भाऊ नाही, म्हणून त्याच करतात. गावाचं यावरही म्हणणं असतंच. भिंतीशी पाट मांडला आणि पाटावर घडी केलेला शर्ट. पुढे ताट वाढलं: पुरणपोळी, कुरडई, भजी, वाटीत आंब्याचा रस. आमच्याकडे पितरांना पान ठेवतात ते कावळ्यासाठी, बाहेर. इथे बाप घरातच पाटावर बसलेला होता आणि मला त्याच्यासमोर बसून जेवायचं होतं. रस पातळ होता, गावठी आंब्याचा, मिरपूड घातलेला, आणि फार चांगला होता. तरी मी मान वर न करता जेवले.

दुपारी दार लावलं. खिडकीवर घोंगडी टाकली. टिनाखाली खोली भट्टीसारखी तापली होती. शांताबाई म्हणाल्या, "मी अठीच बसतो. बाबाले एकट्याले नाही सोडत." मी शर्टापुढे गुडघे टेकले आणि टॉर्च लावला.

सगळा शर्ट पेटला. कॉलर, खिसे, बाह्या, सगळं एकदम निळसर पांढरं झालं. काळोखात पाटावर जणू कुणी बसलेलंच होतं. माझ्या हातून टॉर्च पडला आणि तोंडातून आवाज निघाला. मी भिंतीला जाऊन चिकटले. टॉर्च जमिनीवर गडगडत गेला, त्याचा उजेड अजून शर्टावर होता. शांताबाईंनी दोन्ही हात जोडले होते.

"बाबा," त्या म्हणाल्या. "आले ना बाबा."

दाराच्या फटीत डोळे होते. बाहेर कुणीतरी ओरडलं, "उजेड पडला बे, शर्टातून उजेड पडला." मी दार उघडेपर्यंत अंगण भरलं होतं. बायका वाकून पाटाला नमस्कार करायला लागल्या. मला घाम फुटला होता आणि तो आता वाळतही नव्हता. कारण मला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे उजेड म्हणजे नवा माल. अंगणातली माणसं ज्या उजेडाला नमस्कार करत होती, तोच शर्टाच्या खोटेपणाची खूण होता, आणि हे त्यांना मी सांगायचं होतं.

गर्दीतून भास्करराव पुढे आले. "काय म्हनते मशीन?"

मला वाटलं, नुसतं 'खरा आहे' म्हणावं आणि पहिल्या गाडीने निघावं. कुणालाही कळलं नसतं. मग मी पुन्हा आत गेले, टॉर्च उचलला. खामगावच्या कोटात फक्त शिवणी चमकल्या होत्या. इथे कापड आणि दोरा दोन्ही सारखेच चमकत होते. मग मी टॉर्च माझ्याच ओढणीवर धरला. तीही तशीच पेटली. शांताबाईंच्या पदरावर धरला, तोही.

"ही पावडर आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले. "कपडे उजळ दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते या उजेडात चमकतं. तुमचे-माझे धुतलेले कपडेही चमकतात. यात बाबा नाहीत. आणि शर्ट खोटा आहे असंही यातून ठरत नाही."

नमस्कार करणाऱ्या बायकांतली एक माझ्याकडे अशी बघत होती की मी मान खाली घातली. शांताबाईंचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले. मला त्या क्षणी भास्कररावांचीही भीती वाटली नाही, एवढी त्या दोन हातांची वाटली.

"मंग खरं कायनं समजते?" भास्कररावांनी विचारलं.

"खांद्याच्या पट्टीची शिवण उसवावी लागेल. खाकी शर्ट शिवून झाल्यावर रंगात बुडवला असेल, तर घट्ट शिवणीच्या आत हिरवा पोचलेला नसतो."

"आज?" शांताबाई म्हणाल्या. "आज जेवाले बसले ते. आज कात्री लावू?"

मी कात्री पिशवीत ठेवायला लागले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. पण त्यांनी माझा हात धरला. "सोमवारी कारागीर येते. आन ती कात्री." पाटाजवळ बसून त्यांनी शर्ट मांडीवर घेतला, खांद्याची पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "बाबा, दुखन थोडं."

मी फक्त जागा दाखवली. टाके त्यांनीच कापले, एकेक. पट्टीचे थर उलगडले. आत, जिथे ऊन, पाणी, पावडर काहीच नीट पोचलं नव्हतं तिथे कापड खाकी होतं. वाळलेल्या गवतासारखं. सुटलेला दोरा मी चिमट्यात धरून काडीने पेटवला. नकली दोरा वितळून त्याचा मणी होतो. हा कागदासारखा जळला आणि बोट लावताच राख झाली.

"शर्ट लढाईच्या काळातला आहे," मी म्हणाले. "आधी खाकी होता, मग हिरव्यात बुडवला. जंगलातल्या लढाईसाठी असे करायचे."

कुजबुज झाली. भास्कररावांनी ती संपू दिली. "बरं. पन ढिगातला असन. खामगावच्या. यानंच घातला होता, हे सांगते काय तुमचा दोरा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शांताबाईही. त्यांच्या मांडीवर उसवलेला शर्ट होता. मला खात्रीने एवढंच माहीत होतं की मला माहीत नाही.

"नाही," मी म्हणाले. "ते कापड सांगत नाही."

भास्कररावांनी मान हलवली. ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. ते निघणार, तेवढ्यात शांताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भास्कर, तुह्या आजाचा कोट हाय ना घरी? आन ना. पोरगी आलीच हाय तं तोबी उजेडात धर."

"काऊन?"

"काऊन म्हन्जे? माह्या बापाची शिवण उसवली मी. तू तं नुसता दिवा लाव."

कुणीतरी मागून म्हणालं, "हाव, आना की." भास्कररावांनी गमछा खांद्यावर सारखा केला. "आज सन हाय. घरी पाहुने हायेत," म्हणाले आणि गेले. त्यांच्या चालण्यात घाई होती. ती मी ओळखली. दोन दिवस मीही तशीच चालत होते.

परत

सकाळी मी चहा घेत असताना सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. "देतात का विचार," म्हणाले. शांताबाई समोरच उसवलेल्या पट्टीला टाके घालत होत्या. मी फोनवर सांगितलं, "सर, मी विचारणार नाही." सर म्हणाले, "बरं. नीट ये."

मग भास्करराव आले. एकटे, हातात कापडी पिशवी. ओट्यावर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत. पिशवीतून त्यांनी एक खाकी कोट काढला आणि माझ्यासमोर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही.

"दिवा लावू नका," ते म्हणाले. "असाच पाहा."

कोट इस्त्रीचा होता, बटणं चकचकीत. मी पाहिलं. म्हणजे डोळे त्याच्याकडे ठेवले. कॉलर उलटली नाही, अस्तर पाहिलं नाही. शिवणीकडे नजर गेली तेव्हा ती मी बटणांवर आणून ठेवली.

"धुतला नाही काय कधी?" शांताबाईंनी विचारलं.

"नाही. भेव वाटते. माह्या बापानं कधी कोनाले हात नाही लावू देल्ला." ते त्यांच्याकडे न बघता बोलत होते. "शांताबाई, मी लहानपनापासून जे आयकलं तेच म्हनत आलो. तुह्या बापाले पयताना मी पाह्यलं नाही. कोनीच नाही पाह्यलं."

"जातानाबी नाही पाह्यलं कोनी."

"हाव. तेबी नाही." त्यांनी कोटाची घडी घातली. "सोमवारी नाव सांगून ठेव कारागिराले. बरोबर लिहून घेजो. आडनावात चूक नको व्हायले."

शांताबाईंनी दाताने दोरा तोडला, शर्ट झटकला आणि आत पेटीत ठेवून आल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. भास्कररावांपुढचं पाणी त्यांनी उचललं, ओतून दिलं आणि ताजं भरून आणलं. या वेळी ते प्यायले.

मोताळ्यापर्यंत त्यांनीच मला मोटारसायकलवर सोडलं. पिशवी त्यांच्या हँडलला लटकत होती, कोट अजून तिच्यातच होता. स्टँडवर मलकापूरची गाडी लागलेली होती. माझी बॅग त्यांनी वर चढवली, खाली उतरले, आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या कोटाचं... बिना दिव्यानं पाह्यला ना तुम्ही. तं काय वाटलं?"

गाडी सुरू झाली होती. काहीतरी बरं बोलून सुटता आलं असतं.

"मी नीट पाहिलाच नाही, काका," मी म्हणाले. "मला भीती वाटली."

त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

"मलेबी," ते म्हणाले.